उपड्या टोपलीचं छप्पर

वस्ताद पायांनी विचार करायचे. मी थट्टा करते आहे असं कोणाला वाटेल, पण ज्यांनी बुरडाला जवळून काम करताना पाहिलं आहे त्यांना हे पटेल. जमिनीवर फतकल मारून बसायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात बांबूची कमची धरायची आणि कोयत्याने ती अशी सोलत न्यायची की हातात कागदासारखी पट्टी यावी. कमची कुठे कच्ची आहे, कुठे गाठ दडली आहे, हे आधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं, मग तोंडाला. एकदा नागपूरहून पाहुणे येणार म्हणून आमच्या सरांनी त्यांना बूट घालायला लावले. पाहुण्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर वस्तादांना देता आलं नाही. शेवटी त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, खाली बसले, पायात एक कमची धरली आणि मग पाऊण तास थांबलेच नाहीत. पाहुण्यांचा चहा निवून गेला.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी वर्ध्याच्या बाहेर, सेलूच्या रस्त्यावरच्या एका बांधकाम केंद्रात ट्रेसर म्हणून, नकाशे शाईने उतरवायला, लागले. स्वस्त घरं कशी बांधावीत याचे प्रयोग तिथे चालत. मातीच्या भिंती होत्या, चुन्याचे लेप होते, आणि सरांच्या डोक्यातलं सगळ्यात मोठं खूळ होतं विणलेलं छप्पर. टोपली एवढं धान्य पेलते, तर तीच मोठी करून उपडी घातली तर ऊनपाऊस का पेलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते सेलूच्या बुरडवस्तीत गेले आणि या माणसाला घेऊन आले. वस्ताद हे नाव सरांनीच ठेवलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते हजेरीपटावरच राहिलं.

माझे यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मला काही वाटत नव्हतं. हे बढाई म्हणून सांगत नाही आणि कीव यावी म्हणूनही नाही. सकाळी उठायचं, डबा भरायचा, सायकलने केंद्रात जायचं, टेबलाला ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, संध्याकाळी परत. ऊन लागलं तर ऊन लागतंय एवढं कळायचं. केंद्रातली माणसं चांगली होती. माझ्याशी हळू आवाजात बोलायची, माझ्या चुका मला न सांगता दुरुस्त करायची. त्या हळू आवाजांचा मला फार कंटाळा आला होता.

आमचं काम उलटं चालायचं. एरवी आधी नकाशा होतो, मग बांधकाम. इथे वस्ताद आधी विणायचे आणि ते पाहून मी नकाशा काढायची. पहिला नकाशा शाईने पुरा झाला तेव्हा ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. त्यांना सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. कागदावरच्या शेकडो आडव्याउभ्या रेघांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एका जागी हाताचा अंगठा टेकवला.

"इथं चुकलं, बाई. ही कमची तुम्ही लागोपाठ दोन डाव वर काढली. एक डाव खालून न्याची होती."

"एवढ्याने काय होतं, वस्ताद?"

"पुढचं सारं बिघडते. उसवा."

शाई उसवता येत नाही, असं मी सांगितलं. "काऊन नाई? हातानं केलं ते हातानं निघते," असं म्हणून ते निघून गेले. मी दुपारभर ब्लेडने रेघा खरवडत बसले. कागदाला एक भोकही पडलं. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा कोणी रागावलं होतं, आणि मला बरं वाटलं. त्यानंतर मी डबा त्यांच्या शेजारी बसून खायला लागले. त्यांनी मला माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

विणलेल्या वस्तूवर त्यांचा भारी विश्वास. रोहणा गावची गोष्ट ते हटकून सांगायचे, आणि दर वेळी तितक्याच रंगात. तिथल्या एका मोठ्या घरात त्यांनी धान्याची कणगी विणली. कणगी मोठी हवी होती म्हणून त्यांनी ती खोलीतच बसून विणली, आणि विणून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की ती दारातून बाहेर निघणार नाही. तेव्हा कोणाला बाहेर काढायचीही नव्हती. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. कणगी थोरल्याच्या वाट्याला आली आणि खोली धाकट्याच्या. पंचायत बसली. कणगी कापून न्यावी असं ठरलं आणि कापायला यांनाच बोलावलं.

"मी म्हटलं, विणलेलं मी कापत नसतो. भिंत पाडा. पाडली ना मंग त्याईनं! घर पडलं, बाई, पण कणगी पडली नाई." आणि मग स्वतःच हसायचे. त्या हसण्यात त्यांच्या हातून चूक झाली होती याचा मागमूसही नसायचा.

त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. ती त्यांच्यासोबत केंद्रात यायची आणि कमच्या काढायची, त्यांच्यापेक्षाही झपाट्याने. छपराची कल्पना तिला मुळीच पटलेली नव्हती. कोंबड्या झाकायचं डालं आणि हे छप्पर यात तिला काही फरक दिसत नव्हता. "माणसं का कोंबड्या हायेत, डाल्याखाली झाकाले?" असं ती सरांच्या देखत विचारायची. सर गोरेमोरे व्हायचे. वस्ताद मान वर न करता म्हणायचे, "डाल्याखाली हाये तवरिकच कोंबडी जिती राह्यते वं. बाहेर तिले मांजर नेते." काकी तोंडाला पदर लावून हसायची आणि पुन्हा कमच्या काढायला लागायची.

पण काकी येत होती, कारण सेलूत काम उरलं नव्हतं. बाजारात प्लास्टिकची टोपली आली होती, धान्याला पत्र्याच्या कोठ्या आल्या होत्या. सूप आणि लग्नातल्या दुरड्या एवढ्यावर घर चालत नाही. वस्तीतली निम्मी घरं नागपूरला गेली, कोणी रिक्षा ओढायला, कोणी हमालीला. राहिलेली सात-आठ घरं जायच्या बेतात होती. त्यांना वस्तादांनी थांबवून ठेवलं होतं. जिल्ह्यात भूमिहीनांसाठी सरकारी घरं व्हायची होती. सरांनी खटपट करून असं ठरवून घेतलं होतं की आमचं छप्पर वजनाच्या तपासणीत उतरलं तर त्या घरांवर विणलेली छपरं घालायची. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक हाताला कितीतरी वर्षांचं काम. "होळीपर्यंत थांबा," असं वस्तादांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं. आणि माणसं त्यांच्या शब्दावर थांबली.

ते छप्पर विणताना मी रोज पाहिलं. टोपलीचा तळ जसा मधून सुरू होतो तसं त्यांनी ते मधून सुरू केलं. अंगणात मधोमध स्वतः बसले आणि आपल्याभोवती गोल गोल विणत बाहेर सरकत गेले. सरांनी टेप आणून दिला होता, तो त्यांनी काकीला चोळीचं माप घ्यायला देऊन टाकला. हात आणि वीत यांवरच सगळं. महिनाभराने अंगणात दहा-बारा हात रुंदीची एक प्रचंड टोपली आकाशाकडे तोंड करून बसलेली होती. गावातून माणसं बोलावली, वीस-पंचवीस जणांनी ती उचलली, उलटी केली आणि मातीच्या भिंतींवर ठेवली. वस्ताद भोवती धावत होते आणि ओरडत होते, "अल्लग! अल्लग! पोर हाये समजा!" छप्पर भिंतीवर बसलं तेव्हा एकाही बाजूला बोट घालायला फट नव्हती. सरांचे डोळे भरून आले. मी नकाशावर तारीख घातली.

तपासणी माघात ठरली. लेप द्यायच्या आधी नुसती वीणच तपासायची, असं नागपूरहून कळवलं होतं. आदल्या दिवशी सर अधिकाऱ्यांना आणायला नागपूरला गेले. दुपारी वस्तादांनी शिडी लावली आणि मला म्हणाले, "बाई, पाणी पाह्यजे."

बुरडांची ही रीत आहे. नव्या टोपलीत पहिल्यांदा जड माल भरायचा असला की आधी तिला पाणी द्यायचं. कोरडी कमची वजनाखाली कडकन मोडते, भिजलेली नमते. त्यांचा बाप असंच करायचा, आजाही. मी विहिरीवर गेले. रहाटाने बादल्या ओढल्या, काकीने त्या शिडीपर्यंत नेल्या, वस्तादांनी वर ओतल्या. मग ओली पोती छपरावर अंथरली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पोती काढली, पुन्हा पाणी मारलं. दहा वाजेपर्यंत वरचा ओलावा उडून गेला आणि छप्पर आधीसारखंच पिवळंधमक दिसायला लागलं. यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. खरं म्हणजे माझ्या मनात तेव्हा काहीच येत नसे.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. शांत, चष्म्याचा, हातात पुस्तक. वाळूची पोती चढवायची वेळ आली तेव्हा वस्ताद छपराखाली जाऊन मधोमध मांडी घालून बसले.

"त्यांना बाहेर काढा. काही झालं तर जबाबदारी कोणाची?" अधिकारी म्हणाला.

"ज्यानं विणलं त्याची," वस्ताद आतून म्हणाले. "चढवा पोते."

सरांनी विनवलं, काकी रागावली, पण ते हलले नाहीत. पोती चढत गेली. कमच्या करकरल्या, मग तो आवाजही थांबला. छप्पर हळूहळू खाली आलं, वस्तादांच्या डोक्यावरचं फडकं आणि वीण यांतलं अंतर कमी होत गेलं, आणि मग ते थांबलं. ठरलेलं सगळं वजन वर होतं. एकही कमची तुटली नव्हती. वस्ताद बाहेर आले ते हसतच. त्यांच्या हिशेबाने छप्पर पास झालं होतं.

अधिकाऱ्याने दोरी लावून मोजलं. पुस्तकाप्रमाणे ते बोटभर दबलं तर चालणार होतं. ते चार बोटं दबलं होतं.

"दबली साहेब, पण तुटली काय?" वस्तादांनी विचारलं.

"तुटली नाही. पण इतकी दबायला नको."

"टोपली दबतच असते ना जी! दबली म्हणून तं तुटली नाई."

अधिकाऱ्याने सरांकडे पाहिलं, वहीत 'नापास' लिहिलं आणि वही मिटली. वस्तादांना काय झालं ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते छपराच्या काठाशी गेले आणि एक एक कमची अंगठ्याने दाबून पाहू लागले, सगळी भोवती, पूर्ण एक फेरी. चूक शोधत होते. सापडली नाही. मी टेबलाशी जाऊन बसले. पेन्सिलीला टोक केलं. आणखी काय करायचं ते मला सुचलं नाही.

होळीपर्यंतही कोणी थांबलं नाही. पंधरा दिवसांत सेलूच्या वस्तीतली घरं एकामागून एक गेली. वस्तादांनी केंद्रात येणं बंद केलं. सरांनी दोनदा निरोप पाठवला, पण "आता तिथं माहं काय काम?" एवढंच उत्तर आलं.

महिन्याभराने सरांनी उरलेल्या विणीचा एक तुकडा, जो उन्हात पडून खडखडीत वाळला होता, त्यावर तपासणीच्याच प्रमाणात सहज वजन ठेवून पाहिलं. तो जेमतेम बोटभर दबला. सरांनी वजन उतरवून पुन्हा ठेवून पाहिलं आणि मला म्हणाले, "त्या दिवशी छप्पर ओलं होतं का हो?"

मी म्हटलं, "हो. आम्ही रात्रभर भिजवलं होतं."

सरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मला रागावले नाहीत. रागवायला हवं होतं. त्यांनी नागपूरला पत्र लिहिलं, पुन्हा तपासणी करा म्हणून. उत्तर आलं की घरांवर सिमेंटचे पत्रे घालायचं ठरलं आहे, मागणीही गेली आहे. सर म्हणाले, वस्तादांना हे कळायला हवं, वीण कमी पडली नव्हती, पाणी नडलं. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना."

सेलू बसने अर्ध्या तासावर आहे. मी सहा वर्षं गेले नाही. आधी म्हटलं, इतक्यात नको, घाव ताजा आहे. मग म्हटलं, आता कशाला खपली काढायची. मधे दोनदा सेलूवरून बसने गेले, उतरले नाही. काय सांगणार होते? तुमच्या बापाची, आज्याची रीत होती तिनेच घात केला, आणि पाणी ओढणारी मी होते? दिवस जात राहिले. मी नोकरी केली. पुढे सर मुंबईकडे गेले. त्या छपराला चिखलशेणाचा लेप दिला होता आणि त्याखाली आम्ही सायकली ठेवायचो. ते कधी गळलं नाही.

मग एका उन्हाळ्यात काकीने पुलगावच्या भाच्याकडून निरोप पाठवला. तो तिथल्या मिलमध्ये होता, कामाने वर्ध्याला आला होता. वस्तादांची उजवी बाजू गेली आहे, बाईंना एकदा भेटून जा म्हणावं. या वेळी मी गेले. बसमध्ये सगळं वाक्य जुळवलं. पाण्याचं आधी सांगायचं, मग वाळलेल्या तुकड्याचं, मग पत्राचं.

वस्ताद खाटेवर होते. तोंड थोडं वाकडं झालं होतं, शब्द ओढून यायचे, मधल्या वर्षांचं भान राहिलं नव्हतं, पण मला लगेच ओळखलं. काकीने पाणी दिलं. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांना दुसरंच बोलायचं होतं.

"बाई, मले समजलं कायनं दबली थे."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पाणी कमी पडलं," ते म्हणाले. "एवढं मोठं छप्पर. मी टोपलीच्या हिशेबानं पाणी टाकलं. आणखी दहा बादल्या पाह्यजे होत्या. रोज हेच मनात घोळवून राह्यलो. तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा. कमीच पडलं ना?"

काकी माझ्याकडे बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं, ती नुसती माझ्या उत्तराची वाट पाहत होती. सहा वर्षं मी खरं सांगितलं नव्हतं ते आळसाने, भीतीने, त्या सगळ्या बधिरपणाने. आता सांगायला आले होते आणि समोर हा माणूस स्वतःच्या हातावर दोष घेऊन बसला होता.

"हो वस्ताद," मी म्हटलं. "पाणीच कमी पडलं."

"मंग वीण खरी होती."

"वीण खरी होती."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. इतकं समाधान मी कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि ते माझ्या खोट्यातून आलं होतं. जराशाने त्यांनी काकीला हाक मारली.

"आयकलं का वं? चूक माही होती. विणीची नाई. वस्तीतल्या साऱ्याईले सांगून ये. म्हणा, पुढच्या डावी पाणी भरपूर टाकू."

"सांगतो," काकी म्हणाली, आणि लगेच पदर सावरून उठलीही.

मी तिच्यासोबत बाहेर आले. ऊन कडक होतं. काकी उंबऱ्यापाशी थांबली, पुढे गेली नाही. त्या ओळीतल्या सगळ्या घरांना कुलपं होती, दोनांचे तर दरवाजेही कोणी काढून नेले होते. आतून वस्तादांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने काकी त्या बंद दारांकडे पाहून म्हणाली, "आयका हो, पाणी कमी पडलं होतं!"